मोजपट्टीत न मावलेले संशोधन

शास्त्रज्ञाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांच्या संख्येवरून आणि त्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून ठरविण्याची प्रथा आता विद्यापीठांत रूढ झाली आहे. नेमणुका, बढत्या आणि अनुदाने या आकड्यांवर तोलली जातात. कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांचे चरित्र या प्रथेपुढे एक अवघड प्रश्न उभा करते.

डे यांचा जन्म १९१५ साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यात गरिबाटी या गावी झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९३९ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली संशोधन करून त्यांनी १९४९ मध्ये पीएच. डी. मिळविली. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांनी विषय निवडला तो आपल्या भूमीचा: बंगालला पिढ्यान्पिढ्या पोळणारी पटकी.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच निश्चितपणे ओळखला होता आणि तो काही विष निर्माण करीत असावा, असा तर्कही केला होता. परंतु पाऊणशे वर्षे त्या विषाचा पुरावा हाती लागला नाही. जनावरांच्या शिरेत किंवा उदरपोकळीत जंतू टोचून संशोधक लक्षणांची वाट पाहत. पण मनुष्याला होणारा रोग त्यांत प्रकट होत नसे. डे यांनी साधाच विचार केला. रोग आतड्याचा आहे, तर प्रयोगही आतड्यातच व्हावा. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात त्यांनी जंतू सोडले, तेव्हा तो भाग द्रवाने तट्ट फुगला. चटर्जी या सहकाऱ्यासह केलेले हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याहून मोठे पाऊल पडले ते १९५९ मध्ये. ज्या द्रवात जंतू वाढविले होते, तो गाळून पूर्णतः निर्जंतुक केला, तरीही आतड्यात पाणी साठते, हे त्यांनी दाखविले. पटकीचा जंतू विष बाहेर सोडतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. हा लहानसा निबंध ‘नेचर’मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावाने आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून याच विषाचा माग काढला, हा योगायोग महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एवढ्या मोलाच्या निबंधाची आरंभी फारशी दखल घेतली गेली नाही. निबंधांच्या उल्लेखांची सूची हे ज्यांचे जीवितकार्य, त्या युजीन गारफील्ड यांनीच १९८६ मध्ये पटकीविषयक संशोधनाचा आलेख मांडून डे यांचे त्यातील स्थान जगापुढे ठेवले. विषाचे शुद्धीकरण १९६९ मध्ये अमेरिकेत झाल्यावर या क्षेत्रात संशोधनाचा पूर लोटला आणि त्याचा उगम कलकत्त्यात असल्याचे ध्यानी येऊ लागले. म्हणजे उल्लेखांच्या आकड्याने अखेर न्याय दिला, पण फार उशिरा.

मायदेशाने तेवढेही केले नाही. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. कोणताही मोठा पुरस्कार लाभला नाही. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले ते स्वीडनहून. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी तर त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले. १५ एप्रिल १९८५ रोजी डे निवर्तले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्या स्मरणार्थ विशेषांक काढला तो १९९० मध्ये.

आकडे सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. गारफील्ड यांच्या आकड्यांनीच डे यांना विस्मृतीतून वर काढले. परंतु आकडा मागाहून येतो. संशोधकाला आधार हवा असतो तो काम चालू असताना. तो देण्यासाठी निबंध मोजून भागत नाही, ते वाचावे लागतात. शंभुनाथ डे यांचा दोन पानांचा निबंध त्यांच्या देशातील धुरीणांनी वेळीच समजून वाचला असता, तर त्यांची योग्यता ओळखण्यासाठी कोणत्याही सूचीची वाट पाहावी लागली नसती.