सांगलीचे विजय हजारे

मी सातारचा. आमच्याकडे खेळाडू म्हटलं की आधी खाशाबा जाधवांचं नाव निघतं. शिकायला सांगलीत आलो, तेव्हा इथलं नाव शोधलं. सापडले विजय हजारे!

जन्म ११ मार्च १९१५, सांगली. रणजीत बडोद्याकडून खेळले. त्या काळी मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत धर्मावर टीम ठरायची. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’ संघात. १९४३ च्या फायनलला हिंदू संघाविरुद्ध रेस्टच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेक २१ धावांत चिकटून राहिला, म्हणून भागीदारी झाली ३०० ची. जानेवारी १९४८, अ‍ॅडलेड. समोर ब्रॅडमनचा संघ. दोन्ही डावांत शतक : ११६ आणि १४५. तरी या दोन्ही मॅचेस त्यांची टीम डावाने हरली.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कॅप्टन हजारेच होते. त्यात शतकं रॉय आणि उम्रीगरची, १२ विकेट्स मंकडच्या.

१८ डिसेंबर २००४ ला ते बडोद्यात वारले.

मित्रांनो, ग्रुप प्रोजेक्टचं सगळं काम एकट्यावर पडलं की आपण लगेच हात वर करतो. हजारे अशा वेळी पुढचा बॉल खेळायचे.