केडगावच्या माळावरील पंडिता

वाचकहो, पुण्याहून सोलापूरकडची गाडी धरली की साठएक किलोमीटरवर केडगाव स्टेशन लागते. आपल्यापैकी ज्यांची मूळ गावे सोलापूर-लातूरकडे आहेत, ते ईदला गावी जाताना या स्टेशनावरून कितीदा तरी गेले असतील. तेथे पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ आहे. मुस्लिम शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत ख्रिस्ती झालेल्या बाईचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. सातवी-दहावीनंतर मुलीला घरी बसवावे की शिकू द्यावे, हा वाद आपल्या पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतून अजून पुरता मिटलेला नाही. म्हणून हे चरित्र आपण वाचावे, एवढेच माझे उत्तर आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. आईने तीच विद्या मुलीला दिली. १८७६-७७ च्या सुमारास दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला आणि त्या दिवसांत आई, वडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर ही मुलगी पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात बाजूला ठेवून, त्यांनी नोंदणी विवाह केला. दोन वर्षांच्या आत पती निवर्तले. कडेवर राहिली ती मनोरमा.

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचे कौतुकाने स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला. हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. पुण्यासारख्या गावात एका तरुण विधवेला असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे! तो जपून त्या सुखाने राहू शकल्या असत्या.

परंतु १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण राहिले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब उडाला. मात्र धर्म बदलला म्हणून त्या कोणाच्या मुठीत गेल्या, असे समजू नका. आपल्या वाचकांना नवल वाटेल, पण ईश्वराच्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी मठातील भगिनींशी दीर्घ वाद घातला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवीत असता पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विचार निघाला व बिशपांनी हरकत घेतली. तीही त्यांना मान्य नव्हती. शाकाहार त्यांनी विलायतेतही सोडला नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे ठरविले. तिच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांनी शिकावे, धर्माची सक्ती नाही, असा करार होता. गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला.

त्याच १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या, ‘केसरी’ने झोडपले. माझ्या मते रानडे-भांडारकरांची अडचण खोटी नव्हती. पालकांना दिलेला शब्द त्यांना सांभाळायचा होता. रमाबाईंपुढे मात्र दोनच वाटा होत्या. दार लावून घेतले असते तर सगळे मित्र परत आले असते. त्यांनी ते लावले नाही.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो मुली घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. (१९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून या कारखान्यांच्या पट्ट्यात आलेल्या घरांनाही नको.) पुण्यात प्लेगची साथ आली, एवढ्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर नेले. आरंभी तंबू, झोपड्या. मग विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींचे वर्ग, सारे तेथे उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे दोन हजारांच्या घरात माणसे होती. ठराविक वर्गणीचा आधार नाही, जाडेभरडे पांढरे लुगडे, साधे जेवण. कलकत्त्याच्या सभांतून गाजलेली सरस्वती आता मुलींच्या ताटात आज काय वाढायचे, या विवंचनेत उठत होती.

उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही समजावे म्हणून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. खिळे जुळविणाऱ्या त्यांच्याच मुली. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती संस्था सोपवायची होती ती. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. बायबल त्यानंतर छापून बाहेर पडले.