डिझेल इंजिनाचा जनक

स्कूटर पेट्रोलवर चालते. मालमोटारी आणि ट्रॅक्टर बहुधा डिझेलवर चालतात. परंतु डिझेल हे केवळ तेलाचे नाव नाही. ते एका संशोधकाचे आडनाव आहे.

रूडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मन होते. १८७० साली युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. आईवडील लंडनला गेले. बारा वर्षांच्या रूडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत नातेवाइकांकडे पाठवण्यात आले.

पुढे म्युनिक येथे शिकत असताना प्राध्यापक लिंडे यांनी वर्गात सांगितलेली एक गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. वाफेच्या इंजिनात कोळशाची जेमतेम दहावा भाग उष्णता कामी येत असे. बाकीची वाया जाई. कमी इंधनात जास्त काम करणारे इंजिन बनवायचे, असे रूडॉल्फने ठरवले.

पेट्रोलचे इंजिन तेव्हा तयार झाले होते. त्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबून विजेच्या ठिणगीने पेटवतात. रूडॉल्फने वेगळी वाट धरली. मुलांनो, सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. त्याच्या इंजिनात आधी फक्त हवा खूप दाबली जाते. ती इतकी तापते, की तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. एवढा दाब सोसण्यासाठी इंजिन भक्कम आणि जड करावे लागते. पण तेल कमी लागते.

१८९३ साली ऑग्सबर्ग येथील कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंजिनाला जोडलेले एक उपकरण स्फोट होऊन फुटले. तरी रूडॉल्फ डगमगला नाही. चार वर्षे तो सुधारणा करीत राहिला. १८९७ साली त्याचे इंजिन उत्तम चालले. ते सुमारे २६ टक्के उष्णता कामी आणत होते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले.

रूडॉल्फला कीर्ती आणि पैसा मिळाला. परंतु आजारपण व कर्ज यांनी तो खचला. २९ सप्टेंबर १९१३ रोजी आगबोटीने इंग्लंडला जाताना तो रात्री बेपत्ता झाला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह समुद्रात सापडला. त्याच्या मृत्यूचे गूढ कायम राहिले.

डिझेलवर चालणारी मोटारगाडी त्याला पाहायला मिळाली नाही. डिझेलचा धूर आरोग्यास घातक आहे, हेही पुढे कळले. म्हणून आज अधिक स्वच्छ इंजिनांचा शोध चालू आहे. इंधन वाया जाऊ नये, ही रूडॉल्फची तळमळ मात्र जुनी झालेली नाही.