हवेतले स्वर आणि पोलादी सत्ता

विज्ञानाला देश नसतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वैज्ञानिकाला मात्र देश असतो, आणि त्या देशाला राज्यकर्ते असतात. पाश्चात्त्य जगात थेरेमिन या नावाने ओळखले जाणारे लेव्ह तेर्मेन, विद्युत्-संगीताचे हे आद्य प्रवर्तक, यांचे चरित्र याचीच साक्ष देते.

सेंट पीटर्सबर्ग येथे १८९६ साली जन्मलेल्या तेर्मेन यांनी पदार्थविज्ञान आणि चेलोवादन या दोहोंचे शिक्षण घेतले. १९२० मध्ये पेट्रोग्राडच्या प्रयोगशाळेत वायूंचे गुणधर्म मोजणारे उपकरण सिद्ध करीत असता, हात जवळ नेताच त्यातील स्वर बदलतो, हे त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्या कोणी तो यंत्राचा दोष मानला असता. त्यांच्यातील चेलोवादकाने त्यात वाद्य ओळखले. उजव्या हाताने स्वराची उंची राखायची, डाव्याने तीव्रता. स्पर्श मात्र कशालाच करायचा नाही. ना पडदे, ना पट्ट्या. त्यामुळे मींड सहज, परंतु स्वरस्थान नेमके साधणे महाकठीण.

विद्युतीकरणाचा ध्यास घेतलेल्या लेनिन यांनी १९२२ मध्ये हे वाद्य ऐकले आणि त्याच्या प्रसाराला उत्तेजन दिले. १९२७ अखेर तेर्मेन अमेरिकेत पोहोचले. तेथे कीर्ती लाभली, पेटंट मिळाले, आणि क्लारा रॉकमोर यांच्या वादनाने या वाद्याला मैफलीची प्रतिष्ठा आली.

१९३८ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी अटक, आठ वर्षांची शिक्षा आणि कोलिमाची श्रमछावणी त्यांच्या वाट्याला आली. पुढे बंदी वैज्ञानिकांच्या प्रयोगशाळेत त्यांच्याकडून बॅटरीविना चालणारे गुप्त श्रवणयंत्र करवून घेण्यात आले. सोव्हिएत मुलांनी १९४५ मध्ये भेट दिलेल्या लाकडी राजमुद्रेत दडून ते मॉस्कोतील अमेरिकी राजदूताच्या निवासस्थानी १९५२ पर्यंत राहिले. ज्याने जगाला नवा स्वर ऐकविला, त्यालाच दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकण्याच्या कामी जुंपले गेले. ज्या सत्तेने त्यांना तुरुंगात टाकले, तिनेच १९४७ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक दिले!

पुढे मॉस्कोच्या संगीत विद्यालयात त्यांनी वाद्यनिर्मिती पुन्हा आरंभिली. १९६७ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रात त्यांच्याविषयी लेख आला आणि त्यापायी ते कामही गेले. इकडे अमेरिकेत, तरुणपणी थेरेमिन वाद्ये बनविणाऱ्या रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये सिंथेसायझर साकारून नवे संगीतयुग सुरू केले होते. बीज रशियातले, पीक दुसऱ्याच्या शेतात आले.

१९९३ मध्ये, ९७ व्या वर्षी, तेर्मेन मॉस्कोत निवर्तले. राज्यसंस्थेने प्रतिभेला आश्रय द्यावा, हे रास्तच. परंतु आश्रयाची किंमत म्हणून ती प्रतिभेचे स्वातंत्र्य मागू लागली, की अखेरीस देशच दरिद्री होतो.