कामगारांचे डॉक्टर : कै. दत्ता सामंत

मालवण तालुक्यातील देवबाग येथे १९३२ साली जन्मलेल्या दत्ता सामंतांनी मुंबईत एम.बी.बी.एस. होऊन घाटकोपरला दवाखाना थाटला. रोगी बहुतेक दगडखाणीतले मजूर. औषधाने दुखणे हटे, पण अपुरी मजुरी तशीच राही. डॉक्टरांनी त्यांची संघटना बांधली आणि हळूहळू दवाखाना सुटला तो सुटलाच. १९७२ साली ते आमदार झाले, आणीबाणीत तुरुंगातही गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबरच आपली संघटना आपण निवडण्याचा हक्क त्यांना हवा होता. तडजोड झाली नाही. कित्येकजण ट्रंक व वळकटी घेऊन गावी परतले. त्याच काळात आमच्या तालुक्यातील इचलकरंजीच्या यंत्रमागांचे काम वाढले, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. डॉक्टरांचा अंदाज चुकला असे म्हणणारे पुष्कळ आहेत व ते अगदीच खोटे नाही. तरीही १९८४ च्या काँग्रेस लाटेत मुंबईच्या गिरणगावाने त्यांनाच लोकसभेवर पाठविले.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे मारेकऱ्यांनी गोळ्या घालून त्यांची हत्या केली. अंत्ययात्रेला हजारो कामगार लोटले होते.