शब्दांचीं नातीं शोधणारे वैद्य : डॉ. पीटर मार्क रोझे

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासतांना एक प्रकार शिक्षकाच्या वारंवार दृष्टीस पडतो. एका विद्यार्थ्यानें भुकेनें खंगलेल्या भिकाऱ्याचें वर्णन लिहिलें होतें. ‘थिन’ हा साधा शब्द त्यास फिका वाटला, म्हणून कोश चाळून त्यानें त्या जागीं ‘स्लेंडर’ हा शब्द घातला. कोशांत दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच दिलेला होता. परंतु ‘स्लेंडर’ हा शब्द डौलदार व नाजूक बांध्याचें कौतुक करणारा. त्यामुळें त्या बिचाऱ्या भिकाऱ्याच्या हालांची जणूं थट्टाच झाली. मुलाच्या मनांत दया होती, वाक्याचें व्याकरणही शुद्ध होतें. चूक झाली ती शब्दांचें परस्परांशीं असलेलें नातें ओळखण्यांत. हीं नातीं उलगडून दाखविणारा एक ग्रंथ इंग्रजी भाषेंत आहे. तो ज्यांनीं रचिला, त्या डॉ. पीटर मार्क रोझे यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही वाचावें असें आहे.

रोझे यांचा जन्म लंडन शहरीं १८ जानेवारी १७७९ रोजीं झाला. त्यांचे वडील मूळचे जिनीव्हाचे. लंडनमधील फ्रेंच भाषा बोलणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळीचे ते पाळक होते. घराणें असें फ्रेंच भाषेचें असल्यामुळेंच, इंग्रजींत हें आडनांव लिहितांना शेवटीं येणारा ‘टी’ उच्चारांत येत नाहीं. पीटर चार वर्षांचा असतांना, १७८३ मध्यें, वडील निवर्तले. आई स्वभावानें फार चिंतातुर होती. दोन लेंकरें घेऊन ती गांवोगांव बिऱ्हाड हालवीत राहिली. अशा अस्थिर बालपणांत पीटरला एक विरंगुळा सांपडला. तो म्हणजे याद्या करण्याचा. १७८७ हा सन घातलेली त्याची एक वही राहिली आहे. आठ वर्षांच्या त्या मुलानें तींत लॅटिन शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ मोठ्या नेटकेपणानें मांडले आहेत. बाहेरचें जग विस्कटलेलें असतां वहीच्या पानावर तरी सर्व कांहीं आपापल्या जागीं असावें, अशी त्याच्या मनाची ओढ असावी, असें चरित्रकारांस वाटतें.

चौदाव्या वर्षीं ते एडिंबरोच्या विद्यापीठांत दाखल झाले आणि १७९८ मध्यें, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, वैद्यकाची पदवी मिळवून बाहेर पडले. १८०२ मध्यें मँचेस्टरच्या एका धनिकाच्या दोन मुलांचे शिक्षक म्हणून ते त्यांस घेऊन युरोपच्या प्रवासास निघाले. पुढल्या वर्षीं ते जिनीव्हांत असतांना फ्रान्स व इंग्लंड यांमध्यें पुन्हा युद्ध जुंपलें. जिनीव्हा त्या वेळीं फ्रान्सच्या अमलाखालीं होतें, आणि तेथील इंग्रज पुरुषांस अटकेंत ठेवण्याचा नेपोलियनचा हुकूम सुटला. आपले वडील जिनीव्हाचे नागरिक होते हें सिद्ध करून रोझे मोठ्या शिताफीनें सुटले व दोन्ही मुलांसह जर्मन मुलखांत सुखरूप पोहोंचले.

त्यानंतर मँचेस्टरच्या रुग्णालयांत ते वैद्य झाले. व्याख्यानें द्यावयाचीं, लेख लिहावयाचे, आणि ऐन वेळीं योग्य शब्द आठवूं नये, ही अडचण त्यांस फार जाणवे. म्हणून १८०५ मध्यें, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यांनीं शब्दांची एक वर्गवारी केलेली वही स्वतःपुरती तयार केली. तींत सुमारें १५,००० शब्द होते. ही वही छापावी, असें त्यांच्या मनांतही नव्हतें. लिहावयास बसलें कीं ती उघडावी, आणि नवा शब्द भेटला कीं त्याच्या आप्तांशेजारीं त्यास नेऊन बसवावें, हा क्रम जवळजवळ पन्नास वर्षें चालला.

मध्यंतरीं त्यांनीं इतर कामेंही थोडीं केलीं नाहींत. लंडनमध्यें स्थायिक झाल्यावर त्यांनीं गणिती आंकडेमोडीची एक नव्या तऱ्हेची सरकपट्टी योजिली, व १८१५ मध्यें रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. फिरत्या चाकाचे आरे उभ्या फटींतून पाहिले असतां वांकडे कां दिसतात, याचा उलगडा त्यांनीं १८२४ मध्यें केला. १८२७ पासून १८४८ पर्यंत ते त्या संस्थेचे चिटणीस होते. परंतु दुःखानें त्यांची पाठ सोडली नाहीं. त्यांचे मामा सर सॅम्युएल रॉमिली हे नामांकित कायदेपंडित. त्यांनींच रोझे यांस पित्याच्या ठिकाणीं राहून आधार दिला होता. १८१८ मध्यें पत्नीवियोगाच्या असह्य शोकानें मामांच्या मनाचा तोल गेला व त्यांनीं स्वतःच आपलें जीवन संपविलें. त्या वेळीं रोझे हे त्यांच्या शुश्रूषेसाठीं त्या घरींच होते. पुढें १८३३ मध्यें त्यांची स्वतःची पत्नीही दोन लहान मुलें मागें ठेवून वारली. या सर्व आघातांतून ते कामाच्या बळावर सावरले.

चिटणीसपद सोडलें तेव्हां त्यांचें वय सत्तरीला टेकलें होतें. त्या वयांत त्यांनीं ती जुनी वही पुन्हा हातीं घेतली, आणि १८५२ मध्यें, त्र्याहत्तराव्या वर्षीं, आपला ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खजिना’ असा आहे.

साध्या कोशाहून हा ग्रंथ उफराटा आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशांत आपण शब्द घेऊन जातों आणि अर्थ घेऊन येतों. रोझे यांच्याकडे कल्पना घेऊन जावें आणि शब्द घेऊन यावें. अमूर्त संबंध, अवकाश, जड पदार्थ, बुद्धि, इच्छाशक्ति व भावना असे त्यांनीं सहा वर्ग पाडिले, आणि त्यांच्या पोटीं एक हजार कल्पना क्रमवार मांडिल्या. परस्परविरुद्ध कल्पना शेजारीं शेजारीं ठेविल्या, कारण विरोध हेंही एक नातेंच आहे. प्रत्येक कल्पनेखालीं नामें, क्रियापदें, विशेषणें, क्रियाविशेषणें अशी मांडणी आहे. हिचा उपयोग वाक्यरचनेस फार होतो. ‘होप’ हें नाम वाक्यांत नीट बसत नसेल, तर तेंच क्रियापद करावें, अथवा ‘होपफुल’ हें विशेषण योजून वाक्याची बैठकच बदलावी. याच रीतीनें विद्यार्थ्यांनीं पुढचें पाऊल टाकावें. शब्दांप्रमाणें विचारांतही नातीं असतात. विचार एकच असेल तर केवलवाक्य पुरें. दोन समान योग्यतेचे विचार ‘अँड’ किंवा ‘बट’ यांनीं जोडले कीं संयुक्तवाक्य होतें. आणि एक विचार दुसऱ्याचें कारण किंवा अट असेल, तर ‘बिकॉज’ किंवा ‘इफ’ घेऊन मिश्रवाक्य करावें. आधीं नातें ओळखावें, मग वाक्य लिहावें.

आम्हां भारतीयांस आनंद वाटावा अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. अशा वर्गवार कोशाचें जुनें उदाहरण म्हणून रोझे यांनीं आपल्या प्रस्तावनेंत अमरसिंहाच्या अमरकोशाचा उल्लेख केला आहे. कोलब्रुक यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १८०८ मध्यें श्रीरामपूर येथें छापलें गेलें होतें. अमरकोशांतील वर्गवारी रोझे यांस सदोष वाटली, विशेषतः अमूर्त कल्पनांच्या बाबतींत. तथापि या वाटेनें आपल्या आधीं कोणी चालून गेलें आहे, हें त्यांनीं मोकळ्या मनानें नमूद केलें.

ग्रंथाचा मोठा बोलबाला झाला. लेखकाच्या हयातींतच तो पंचवीसांहून अधिक वेळां छापला गेला, आणि ते अखेरपर्यंत त्यांत भर घालीत राहिले. १२ सप्टेंबर १८६९ रोजीं वेस्ट मॉल्व्हर्न येथें, नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पुढें त्यांचे चिरंजीव जॉन लुई रोझे यांनीं १८७९ मध्यें वाढविलेली आवृत्ति काढिली, व त्यांच्यामागून नातवानेंही तें काम चालविलें.

इतकें झालें तरी एक गोष्ट हा ग्रंथ करीत नाहीं: तो आपल्यासाठीं शब्द निवडीत नाहीं. ‘थिन’ आणि ‘स्लेंडर’ हे त्याच्या पानावर एकाच कुटुंबांत राहतात. भिकाऱ्याच्या घरीं कोणी जावें, हें लिहिणारानेंच ठरवावयाचें असतें. आपल्या मराठींतही पाणी, जल, उदक व तीर्थ हे सगोत्र आहेत. पण तहानलेला मनुष्य उदक मागत नाहीं, आणि देवळांतलें तीर्थ कोणी तांब्यानें पीत नाहीं. हा विवेक वाचनानें व सरावानें येतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, एक लहानशी वही करा. नवा शब्द भेटला कीं त्याचे सोबती, त्याचा विरोधी आणि तो ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य, इतकें तींत टिपून ठेवा. पालकांस विनंति इतकीच कीं, मुलांना तयार उत्तरांचीं पुस्तकें घेऊन देण्यापेक्षां ही कोरी वही द्यावी. भिकाऱ्याविषयीं लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्यानें अशी वही केली. तिच्या पहिल्याच पानावर त्यानें ‘थिन’ हा शब्द लिहिला, व त्याखालीं त्याचे सात सोबती, प्रत्येकापुढें एकेक वाक्य घालून.