जेम्स प्रेस्कॉट जूल

लॅपटॉपला वीज पुरविणारा काळा ठोकळा थोड्या वेळाने हातास ऊन लागू लागतो, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ही ऊब कोठून येते याचा हिशेब ज्यांनी प्रथम मांडिला, ते जूल कोणी प्राध्यापक नव्हते. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड गावी 24 डिसेंबर 1818 रोजी एका धनिक बिअर-कारखानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. (हा धंदा काही पालकांस रुचणार नाही, आम्हांसही रुचत नाही.) प्रकृती नाजूक, म्हणून शिक्षण घरीच झाले. पुढे अणुवादाचे प्रख्यात जॉन डाल्टन त्यांस गुरू लाभले.

तारेतून विजेचा प्रवाह नेला असता तार तापते. प्रवाह दुप्पट केला तर ताप दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे जूल यांनी विशीच्या आरंभीच मोजून काढिले. रॉयल सोसायटीने मात्र त्या निबंधाचा केवळ सारांश छापिला. आपल्या ठोकळ्यात घरातील 230 व्होल्टची वीज सुमारे 20 व्होल्टवर उतरविली जाते. त्या कामी तांब्याची वेटोळी व इतर भाग थोडी वीज खातात, आणि तीच उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. शंभरातील नव्वद भाग पुढे गेले, तरी दहा भागांची ऊब त्या बंद डबीत उरते. तिला वारा हवा. गादीवर किंवा उशीखाली ठेविलेला ठोकळा म्हणूनच अधिक तापतो.

त्या काळी उष्णता हा एक द्रव आहे, असे पुष्कळ विद्वान मानीत. जूल यांनी वजने खाली सोडून पाण्यातील वल्ही फिरविली व पाणी किती तापते ते पुनःपुन्हा मोजिले. 772 पौंड वजन एक फूट उतरले, की एक पौंड पाणी फॅरनहाइटचा एक अंश तापते, असा त्यांचा निष्कर्ष. 1843 साली कॉर्क येथे त्यांनी हा विचार मांडिला, तेव्हा सभा स्तब्ध राहिली. 1847 साली ऑक्सफर्ड येथे अध्यक्षांनी थोडक्यात आटोपण्यास सांगितले. परंतु श्रोत्यांत विल्यम थॉमसन हे तरुण प्राध्यापक होते, आणि त्यांनी त्या विचाराचे महत्त्व ओळखिले. त्याच वर्षी विवाहानंतरच्या प्रवासात जूल आल्प्समध्ये थॉमसन यांस भेटले, ते धबधब्याच्या माथ्याचे व पायथ्याचे उष्णतामान मोजण्याच्या तयारीने! पाण्याचे तुषार उडाल्याने तो प्रयोग फसला. गंगापूर रस्त्यावरील आमच्या सोमेश्वरच्या धबधब्यावर तर फरक इतका अल्प निघेल की साध्या तापमापकास तो दिसणारही नाही.

1854 साली पत्नी वारली. दोन लेकरे मागे राहिली. 1870 साली त्यांस कॉप्ली पदक मिळाले. 11 ऑक्टोबर 1889 रोजी सेल गावी ते निवर्तले. त्यांच्या थडग्यावर 772.55 हा आकडा आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायातील 4 थे वचन कोरलेले आहे. ते वचन आम्ही येथे उतरून देत नाही. शास्त्रपाठाच्या तासास उघडून पाहावे.